एक हाक आणि तिचीं गाणीं

'गोविंदा आला रे आला' हे चार शब्द कानीं पडतांच आपणांपैकीं बहुतेकांस एक चित्रपटगीत आठवेल. मला मात्र प्रथम आठवते ती एक हाक. हाक आधींची, गाणें मागाहूनचें. त्या दोहोंचा संबंध आज थोडक्यांत सांगावा असा विचार आहे.

'गोविंद' म्हणजे गाई मिळविणारा आणि 'गोपाळ' म्हणजे त्या पाळणारा. तेव्हां ही हाक गुराख्यांची खरी. रानांत गुरें नेणाऱ्या सवंगड्यांनीं आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवाव्या आणि मिळून खाव्या, तो काला. आषाढी पौर्णिमेस पंढरपुराजवळ गोपाळपुरीं वारकऱ्यांचा काला होतो. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीं हंडी फुटते तीही काल्याचीच.

आमचें खांब हें रोहे तालुक्यांतील, मुंबई-गोवा रस्त्यावरचें गांव. माझ्या लहानपणीं तेथें पोरें हातांत हात गुंफून दारोदार नाचत जात. हाक ऐकतांच घरधनीण घागर घेऊन दारीं येई. पाणी अंगावर पडलें कीं नाचास रंग चढे. मधल्या कडव्यांत त्या त्या घरच्या यजमानाचें नांव गोंविलेलें असे. हाकेस घराकडून उत्तर मिळे, हें तिचें मर्म.

गुराख्यांच्या हाकांचें असेंच भाग्य सातासमुद्रांपलीकडेही उघडलें. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपल्यावर टेक्सास प्रांतांतून कान्सासच्या रेल्वेपर्यंत गुरांचे मोठमोठे कळप हांकीत नेत. त्या वेळीं तोंडीं आलेले 'यिप्पी'सारखे उद्गार अनेक गाण्यांचें पालुपद होऊन बसले. जॉन लोमॅक्स यांनीं १९१० सालीं अशीं गाणीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. पुढें बोलपटांनीं तीं उचललीं, आणि ज्यांनीं कळप कधीं पाहिला नाहीं तीं शहरांतील मुलेंही तीं गाऊं लागलीं.

आपल्याकडे हें काम १९६३ सालच्या 'ब्लफ मास्टर' या चित्रपटानें केलें. दिग्दर्शक मनमोहन देसाई यांनीं शम्मी कपूर यांस गिरगांवांतल्या खेतवाडीच्या गोविंदांत नाचविलें. गीतकार राजेंद्र कृष्ण व गायक महंमद रफी हे पंजाबकडचे, संगीतकार कल्याणजी-आनंदजी हे कच्छी घराण्यांतले, आणि गाणें हिंदी. असें असून 'आला रे आला' हे शब्द मात्र मराठींतच राहिले! कवीनें ते पालटले असते, तर त्यांतील हाक हरपली असती. निरनिराळ्या प्रांतांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून झालेला हा कालाच नव्हे काय? त्यानंतर या हाकेवरून नांव घेणारीं गाणीं निघतच राहिलीं. २०१२ सालच्या 'ओह माय गॉड' या चित्रपटांत तिचें 'गो गो गोविंदा' झालें.

या गाण्यांविषयीं माझी तक्रार नाहीं. तीं ध्वनिवर्धकावर लागलीं कीं माझाही पाय ठेका धरतो. पण ध्वनिवर्धक हाक देतो, ती कोणा घराला नव्हे. म्हणून तिला कोणीं उत्तर द्यावें हेंही उरत नाहीं. सेवानिवृत्त होण्यापूर्वी एकदां मीं वर्गांत विचारलें, "आपल्या आळीचें कडवें कोणास येतें?" एकही हात वर झाला नाहीं. चित्रपटांतलीं गाणीं मात्र सर्वांस तोंडपाठ! मुलांस बोल लावणार तों मनांत आलें, इतकीं वर्षें शाळेंत घालवून मीं तरी तें कडवें त्यांस कोठें शिकविलें होतें? आणि आठवूं लागलों, तों मलाही त्याच्या दोनच ओळी आठवल्या.

चित्रपटगीतास कर्ते असतात, त्याची तबकडी असते, तें टिकेल. हाकेस कर्ता नाहीं. ती देणारा आणि दार उघडणारा असे दोघे असतील, तोंवरच ती टिकते. म्हणून येत्या गोपाळकाल्यास घटकाभर ध्वनिवर्धक बंद ठेवावा, घरांतल्या वडीलधाऱ्यांस आपल्या गांवचें कडवें विचारावें व तें वहींत उतरून घ्यावें. आणि बाहेरून हाक आली, तर घागर भरून ठेवलेली असावी.