‘श्यामची आई’ मोकळी कधी झाली?

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिला. लेखक तुरुंगातून सुटला; पुस्तक सर्वांचे व्हायला मात्र २०११ साल उजाडावे लागले. लेखनावर पोट असणाऱ्याला स्वामित्व हक्काचा आधार हवाच. माझा प्रश्न मुदतीचा आहे.

१९५७च्या कायद्यात ही मुदत लेखकाच्या निधनानंतर ५० वर्षे होती. ती पुढच्या वर्षारंभापासून मोजायची. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. म्हणजे १ जानेवारी २००१ला पुस्तक मोकळे व्हायचे. पण रवींद्रनाथ ठाकूर १९४१मध्ये निवर्तले होते आणि त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१अखेर संपत होता. तेव्हा मुदत ६० वर्षांची झाली. बंगालच्या निमित्ताने झालेला बदल श्यामच्या आईलाही दहा वर्षे थांबवून गेला. पुढे तिच्या अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या निघाल्या. मजकूर विकिस्रोतावरही आला.

संगणकाच्या आज्ञावलीलाही आपला कायदा साहित्यकृतीच मानतो. पण ती साठ वर्षांनी मोकळी होऊन उपयोग काय? ती चालवणारे यंत्र तोवर भंगारात गेलेले असेल. म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९मध्ये जीपीएल हा परवाना आणला: वापरा, बदला, वाटा, मात्र बदललेली प्रत वाटताना घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्या. यात हक्क सोडलेला नाही; हक्काच्याच जोरावर मोकळीक राखली आहे.

नाशिककर कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य सध्याच्या कायद्याने १ जानेवारी २०६०ला मोकळे होईल. त्यांची पुस्तके तोवर दुकानांत मिळत राहतील. मला चिंता आहे ती गावांचे इतिहास, बोलींचे शब्दसंग्रह अशा पुस्तकांची. त्यांची दुसरी आवृत्ती सहसा निघत नाही आणि परवानगी मागावी, तर वारस सापडत नाहीत.

कायद्याच्या कलम २१नुसार लेखक हयातीतच जाहीर सूचना देऊन हक्क सोडू शकतो. सगळे सोडायचे नसतील, तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे. अशा पुस्तकांच्या लेखकांनी हा निर्णय स्वतःच घ्यावा, असे मला वाटते. साठ वर्षांनी परवानगीची गरज उरणार नाही, हे खरे. पण तोवर प्रत तरी उरली पाहिजे.