खिडकीतली चिक्की

लोणावळ्याच्या चिक्कीला पहिली शोकेस लाभली ती रेल्वेच्या डब्याची खिडकी. दुकानांना काचा आल्या त्या फार पुढे.

१८५६ साली लोणावळ्याजवळच्या बोरघाटात लोहमार्गाचं काम सुरू झालं. १८६१च्या जानेवारीत तिथे ४२,००० मजूर राबत होते. एप्रिल १८६३ मध्ये घाट रेल्वेला खुला झाला. या मजुरांना विकली जाणारी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी, तीच पुढे चिक्की झाली, असं आमच्या गावात जुनी माणसं सांगत आली आहेत. मला ते पटतं. दिवसभर सुरुंग लावून कातळ फोडणाऱ्याला असंच खाणं परवडणार: स्वस्त, खिशात राहणारं, न विटणारं.

घाट चढून आलेली गाडी स्टेशनात थांबणार जेमतेम. गिऱ्हाईक जागा सोडून उतरणार नाही, म्हणून विकणाराच खिडकीपाशी जायचा. तिथे पाटीचा काय उपयोग? एक आरोळी आणि हातावर ठेवलेला तुकडा. ‘आधी खाऊन बघा’ ही रीत दुकानांनी पुढे फलाटावरूनच उचलली, असं माझं मत आहे.

मोटारी वाढल्या तसं गिऱ्हाईक जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने थेट दारात आलं, आणि दुकानाला दर्शनी भाग लागला. मोठाल्या पाट्या, काचेचे काउंटर आणि काही ठिकाणी चक्क समोरच भट्टी. लहानपणी मी अशा भट्टीपुढे तासन्‌तास उभा राहायचो. कारागीर उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडी.

“काका, झाली का?”

“थांब रे, पाक कच्चा आहे अजून.”

थेंब टचकन मोडला की दाणे कढईत पडत. मग तूप लावलेल्या फरशीवर गोळा, त्यावर झपाझप लाटणं, आणि गरम आहे तोवर सुरीच्या रेघा. कडेचा वेडावाकडा तुकडा आम्हा पोरांचा. तो चघळत उभी राहिलेली पोरं पाहून रस्त्यावरची माणसंही वळत.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि कितीतरी गाड्या गावात न शिरताच जाऊ लागल्या. तेव्हापासून गिऱ्हाईक ओढण्याची धडपड वाढली, दिव्यांची पळती अक्षरं आली. परदेशात हीच धडपड आणखी पुढे गेली: २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केट स्पेड ही फॅशन कंपनी आणि ईबे हा ऑनलाइन बाजार यांनी दुकानाच्या काचेवरच बोटाने चालणारे पडदे लावले होते. वस्तू निवडायची, तासाभरात ती घरपोच.

आपल्याकडेही असे पडदे लागोत, माझी ना नाही. पण त्यावर नट-नट्यांच्या जाहिराती नकोत. आत चाललेली भट्टी थेट दिसू दे. बोट लावताच गूळ कुठला, घाणा कधीचा, हे कळू दे. आणि पडद्याशेजारी तुकड्यांची बशी असलीच पाहिजे.