जुन्या वास्तूंमधले संगीत महोत्सव आपल्याकडे उन्हाळ्यात का होत नाहीत?

जून-जुलै आला की मोबाइलवर युरोपातले व्हिडिओ दिसू लागतात. दगडी पायऱ्यांवर बसलेले हजारो लोक, समोर रोमनांच्या काळातलं रंगमंदिर आणि मंचावर ऑपेरा किंवा जॅझ. इटलीत व्हेरोनाच्या प्राचीन रिंगणात 1913 पासून उन्हाळ्यात ऑपेरा होतो. फ्रान्समधल्या व्हिएन गावातल्या रोमन रंगमंदिरात 1981 पासून जॅझ महोत्सव भरतो. मग प्रश्न पडतो, वेरूळ-अजिंठा आपल्याकडे आहे, गाणारे-वाजवणारे आहेत, तर असं काही मराठवाड्यात का होत नाही?

होतं. फक्त उन्हाळ्यात होत नाही.

वेरूळ-अजिंठा महोत्सव 1980 च्या दशकात सुरू झाला. तेव्हा तो थेट कैलास लेण्याजवळ व्हायचा. पुढे तो छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातल्या सोनेरी महालासमोर होऊ लागला. हा महाल सतराव्या शतकातला, बुंदेलखंडातल्या पहाडसिंह या सरदारानं बांधलेला. मधली काही वर्षं महोत्सव बंद होता, 2023 च्या फेब्रुवारीत पुन्हा भरला. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावातून निघालात, तर जुन्या वास्तूच्या साक्षीनं मोठं गाणं ऐकण्याची ही सगळ्यात जवळची जागा.

पण महिना बघा, फेब्रुवारी. गोव्यात जुन्या गोव्याच्या टेकडीवरच्या चॅपलमध्ये भरणारा मोंते महोत्सवही फेब्रुवारीतलाच. तिथं पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही शास्त्रीय मैफली होतात. पुण्याचा सवाई गंधर्व डिसेंबरमध्ये. मुंबईत 1978 मध्ये रंगभवनात झालेली पहिली जॅझ यात्रा, जिथं सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला, तीही फेब्रुवारीतच.

पहिलं कारण सांगायलाच नको, ऊन. मराठवाड्याचा काळा दगड दिवसभर तापतो आणि अंधार पडल्यावरही उष्णता सोडत राहतो. माणूस घाम पुसेल, वाद्यांचं काय? कोरड्या उन्हात तबल्याची पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो. त्यात मंचावरच्या दिव्यांची भर पडली, की तबलजीच्या हातात हातोडी जास्त वेळ दिसते. तंबोरेही पुन्हा पुन्हा लावावे लागतात.

दुसरं कारण घड्याळाचं, आणि माझ्या मते खरी गंमत इथं आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ती मिळाली नाही, तर मैफल 10 च्या आत संपवायची. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. जागा निवायला आणखी तासभर धरा. हातात उरले दोन तास. डिसेंबरमध्ये सहा वाजताच अंधार आणि गारवा, म्हणजे चार तास. युरोपात उलटं आहे. तिथं उन्हाळ्यात दिवस मावळायलाच नऊ वाजतात आणि बाहेर बसण्यासारखी हवा तेव्हाच असते.

या नियमाची किंमत रागांनी मोजली आहे. मारवा, पूरिया, यमन संध्याकाळी आरामात बसतात. मालकंस किंवा दरबारी कानडा मात्र मध्यरात्रीच्या आसपासचे. पूर्वी सवाईत रात्र-रात्र गाणं चालायचं, तेव्हा हे राग आपापल्या वेळी यायचे. आता ते साडेनऊला ऐकायचे, किंवा बंद सभागृहात. शेजारच्या आजारी माणसाला झोप हवी, हेही खरंच. त्यामुळे नियमाला नुसती नावं ठेवून चालत नाही. रुग्णालय, न्यायालय, शाळा-महाविद्यालयांभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. रंगभवनातल्या मैफली थांबल्या त्या याच तरतुदीमुळे.

तिसरी गोष्ट परवानगीची. केंद्राच्या संरक्षित स्मारकात करमणुकीचा कार्यक्रम करायचा, तर 1959 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. जिथं पूर्वापार धार्मिक प्रथा चालत आली आहे, तिला यातून सूट आहे.

मग मराठवाड्याच्या उन्हाळ्यात संगीतच नसतं का? चैत्रात रामनवमी-हनुमान जयंतीच्या सुमारास गावोगावी सप्ताह बसतात. पहाटे काकडा, रात्री कीर्तन. उन्हाळ्याचं वेळापत्रक वारकऱ्यांनी केव्हाच बसवून ठेवलंय.

आणि शास्त्रीयच ऐकायचं असेल, तर अंतरवाली सराटीचा तालुका असलेल्या अंबडमध्ये दत्त जयंतीच्या संगीत महोत्सवाची जुनी परंपरा आहे. दत्त जयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक डिसेंबरात. जाताना स्वेटर घेऊन जा.