हौजातले मासे, काचेतले मासे

अब्बांबरोबर मुंबईच्या जामा मशिदीत पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वजू करायला हौजाच्या पायरीवर बसलो आणि हात तसाच पाण्यात राहिला. हिरव्या पाण्यात बोटाएवढे, मग वीतभर मासे फिरत होते. अब्बांनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा दंडाला धरून उठवलं. नमाजीत माझं लक्ष कुठे होतं ते अल्लाहला ठाऊक.

त्या हौजाची नोंद १९०९-१० च्या मुंबईच्या गॅझेटियरमध्ये आहे. मशिदीच्या पूर्वेच्या मुख्य दरवाज्यातून आत शिरलं की समोर जुना तलाव, त्याला १८९३ साली बांधलेल्या दगडी पायऱ्या, तलावातून वर आलेल्या सोळा काळ्या दगडी कमानी, त्यांच्यावर तोललेली मशीद आणि सुमारे दहा फूट पाण्यात सोनेरी-रुपेरी मासे. मशीद बांधून पुरी झाली १८०२ साली. तलाव त्याच्याही आधीचा. म्हणजे तिथे आधी पाणी होतं, मग मशीद आली.

पाण्यात मासे असले, एखादा मेला, तर वजूचं काय, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. फिकहच्या पुस्तकांनी तो फार पूर्वीच सोडवलेला आहे. पाण्यातच जगणारा जीव पाण्यात मेला म्हणून पाणी नापाक होत नाही, असं हनफी ग्रंथ सांगतात. कोकणी मुसलमान शाफई, पण माशाबाबत त्यांचंही वेगळं म्हणणं नाही. हनफींचा 'दह दर दह', म्हणजे दहा बाय दहा गजाचा हौज, आणि शाफईंचं 'कुल्लतैन' हे दोन्ही हिशेब मुळात एकाच गोष्टीचे आहेत: किती पाणी असलं म्हणजे ते थोडीशी घाण स्वतःच पचवतं. ही मापं ठरवणाऱ्या फकिहांच्या डोळ्यांसमोर मासे नव्हते, पण मासे पाळणाऱ्या माणसाला पहिला धडा तोच शिकावा लागतो. मला तो चाळीस वर्षांनी, पैसे घालवून शिकावा लागला.

झालं असं की, मुलीने हट्ट धरला म्हणून नाशिकच्या घरी दीड फुटाची काचेची टाकी आणली. दुकानदाराने निळ्या-लाल पट्ट्याचे दहा निऑन टेट्रा दिले आणि हीटरची गरज नाही म्हणाला. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. जानेवारीत थंडीची लाट आली आणि चार रात्रींत दहाही मासे गेले. मुलगी रडली नाही, तिने फक्त विचारलं, "मशिदीतले मासे कसे मरत नाहीत?" मी उत्तर शोधायला बसलो आणि हातात आला तो इतिहास.

निऑन टेट्रा हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, १९३६ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं. विषुववृत्ताजवळच्या जंगलाच्या सावलीतलं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं असतं. त्याला नाशिकचा जानेवारी सोसणार कसा? मत्स्यपालनाची इंग्रजी पुस्तकं माशांचे दोन वर्ग करतात, गरम पाण्याचे आणि थंड पाण्याचे. पण हीटर ही अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी शेकडो वर्षं माणसाने मासे पाळले ते हीटरशिवायच, आणि कोणता मासा तगतो हे त्याला निवड करत करतच कळत गेलं.

सर्वांत जुनी निवड चीनची. तिथल्या नद्यांत कार्पच्या जातीचा एक राखाडी मासा असतो. त्यात क्वचित एखादा पिवळा-तांबडा निघे. बौद्ध लोक पुण्य म्हणून पकडलेले प्राणी सोडून देत, आणि असे वेगळ्या रंगाचे मासे मठांच्या तळ्यांत सोडले जात. तिथे त्यांना कोणी मारून खात नसे. सोंग राजवटीत, बाराव्या शतकात हांगचौच्या राजवाड्यांत अशा माशांची तळी होती. मिंग काळात हे मासे तळ्यातून मातीच्या कुंड्यांत आणि घंगाळांत आले, आणि जवळून पाहता येऊ लागल्यावर लोक दोन शेपट्यांचे, फुगीर डोळ्यांचे मासे निवडू लागले. १५९६ साली चांग छ्यानद नावाच्या एका विशीतल्या तरुणाने या लाल माशांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. तोच हा आपला गोल्डफिश. ज्या माशाला आपण परीकथेतला नाजूक जीव समजतो, तो खरं तर गोठू पाहणाऱ्या तळ्यातही हिवाळा काढणारा रांगडा मासा आहे. सोनेरी रंग माणसाने वाढवला, चिवटपणा मूळचाच.

आपल्याकडे मासे पाळण्याची हौस होती, पण तिचं रूप निराळं होतं. औरंगजेबाच्या काश्मीर सफरीत फ्रेंच वैद्य बर्निए बरोबर होता. तो एका बागेतल्या तळ्याचं वर्णन करतो. तिथले मासे हाक मारली किंवा भाकरीचे तुकडे टाकले की जवळ येत, आणि मोठ्या माशांच्या कल्ल्यांत अक्षरं कोरलेल्या सोन्याच्या कड्या होत्या. त्या नूरजहाँने घातल्या असं लोक सांगत. कडी घालणं मला काही पटत नाही, माशाला त्याचा त्रासच होणार. पण त्या काळी मासे बाहेरून आणलेले नव्हते, हे महत्त्वाचं. झऱ्याचं पाणी होतं, झऱ्याचेच मासे होते. निवडीचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न सुरू झाला तो काचेमुळे. लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण पंचावन्न लिटरच्या काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश ठेवले, तळाशी वाळू टाकून व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. सुरुवातीला सगळं छान चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली आणि पाणी गढूळ झालं. त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळलं. मासे जो वायू सोडतात तो वनस्पती घेते, वनस्पती जो सोडते तो मासे घेतात, आणि कचरा गोगलगाय उचलते. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी काचेच्या टाक्यांचं स्वतंत्र घर उघडलं आणि घरोघरी टाक्या ठेवण्याचं वेड पसरलं.

वॉरिंग्टनचा हिशेब मात्र अपुरा होता. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. तो विषारी असतो, आणि थोड्या पाण्यात तो लवकर साठतो. पाण्यात आणि वाळूत राहणारे सूक्ष्म जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा कुठे मासा वाचतो. हे दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगळ्या जातींचे जीवाणू ते करतात, हे ज्यांनी दाखवलं त्यांत एक नाव होतं रॉबर्ट वॉरिंग्टन. बापाचंच नाव लावणारा मुलगा. तो रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात मातीवर काम करत होता. बापाने टाकीत जे पाहिलं आणि ज्याचं अर्धंच कारण सांगितलं, त्याचं उरलेलं अर्धं मुलाला शेतातल्या मातीत सापडलं. शास्त्राच्या इतिहासातली ही माझी आवडती बाप-लेकाची जोडी आहे.

आता मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. मशिदीचा हौज तगतो तो दहा फूट खोल पाण्यामुळे. इतकं पाणी एका रात्रीत थंड होत नाही, एका दुपारीत तापत नाही, आणि घाण पचवणारे जीवाणू त्याच्या दगडादगडावर असतात. काचेच्या लहान टाकीत यांतलं काहीच नसतं. गोल्डफिशला गोल बरणीत ठेवण्याची रूढी तर मला क्रूर वाटते. तो मासा वीतभराहून मोठा होतो, नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. बरणीत तो वर्ष-दोन वर्षांत मरतो आणि आपण म्हणतो, माशांचं आयुष्यच तेवढं.

इथे आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. युरोपातल्या पुस्तकाला फक्त थंडीची भीती असते. नागपूर, जळगाव, मालेगावात हीटर नसलेल्या टाकीला जानेवारीइतकीच मे महिन्याचीही भीती असते. दहा अंशांच्या लिटरभर पाण्यात अकरा मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू विरघळतो, तीस अंशांवर तो साडेसातवर येतो. त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. गोल्डफिश थंडीचा राजा, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात लहान टाकीत तो वर येऊन तोंड उघडत राहतो.

म्हणून मला पॅराडाइज फिशची गोष्ट अधिक जवळची वाटते. दक्षिण चीन आणि आसपासच्या भातखाचरांतला हा निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा मासा. १८६९ साली तो पॅरिसला पोहोचला आणि कार्बोनिए या मत्स्यतज्ज्ञाने त्याची पिल्लं काढली. बाहेरून आणलेल्या रंगीत माशांत गोल्डफिशनंतर युरोपच्या घरांत रुळलेला हा पहिलाच. हीटर नसलेल्या दिवाणखान्यात तो कसा जगला? एक तर त्याच्या मूळच्या मुलखात हिवाळा असतो. दुसरं, त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्या पडलेला एक अवयव असतो, त्यातून तो सरळ हवेतला प्राणवायू घेतो. पाण्यातला कमी झाला तरी त्याचं अडत नाही. स्वभाव मात्र जळजळीत. दोन नर एका लहान टाकीत ठेवले तर एकच उरतो.

भांडण नको असलेल्यांसाठी चीननेच दुसरा मासा दिला. ग्वांगचौजवळ पाय्युन, म्हणजे पांढऱ्या ढगांचा डोंगर आहे. तिथल्या ओढ्यात तान नावाच्या स्काउटमास्तराला दीड इंचाचा, अंगावर चमकती रेघ असलेला मासा सापडला, आणि १९३२ साली त्याला तानचंच नाव मिळालं. डोंगरातलं पाणी गार, त्यामुळे हीटरची गरज नाही, आणि किंमत इतकी कमी की त्याला गरिबाचा निऑन म्हणत. जगभरच्या टाक्यांत तो कोट्यवधींनी वाढत राहिला आणि त्याच्या डोंगरातून मात्र नाहीसा झाला. १९८० नंतर तो रानात संपला असंच समजत होते. नंतर काही थोड्या जागी पुन्हा सापडला.

आणि आपला मासा? तो १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनच्या गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात आहे. हॅमिल्टन कंपनी सरकारचा डॉक्टर. बंगाल-बिहारच्या नद्या धुंडाळून त्याने माशांची चित्रं काढून घेतली होती. तो मायदेशी निघाला तेव्हा ती चित्रं कलकत्त्यातच ठेवून घेतली गेली, याची खंत त्याला राहिली. नावं ठेवताना त्याने कोळ्यांची बोली उचलली: कतला, रोहिता, मृगाल. निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांच्या एका बोटभर माशाला त्याने दिलेलं नाव आजच्या झेब्रा डॅनिओत टिकून आहे. शेताच्या कडेचं उथळ, संथ पाणी हे त्याचं घर. असं पाणी पौषात गारठतं आणि ज्येष्ठात तापतं, म्हणून हा मासा दोन्ही सोसायला तयार असतो. अमेरिकेत ओरेगॉनच्या जॉर्ज स्ट्राइसिंगरने याच माशावर आनुवंशिकीचं संशोधन उभं केलं आणि १९८१ साली त्याचे क्लोन तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. आपल्या दुकानांत तो सगळ्यांत स्वस्त असतो, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही.

चिवट मासा चांगला, असं इथवर वाचून वाटेल. पण चिवटपणाची दुसरी बाजू आपल्या गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली असे. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' कोणी वाचलं नाही? विहिरी आणि टाक्यांत वाढणारा डास मुंबईत हिवताप पसरवतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. १९११ साली डॉ. बेंटली यांनी त्यावर अहवाल दिला. विहिरी बुजवा, झाका, असं म्हटलं की लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न येई, त्यामानाने अळ्या खाणारे मासे सोडणं सोपं होतं. वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेचा गप्पी आणि १९२८ साली आलेला उत्तर अमेरिकेचा गँबुशिया, दोघांनाही आपण सरसकट गप्पीच म्हणतो. बंद विहिरीत त्यांनी काम केलं. पण पुराबरोबर ते ओढ्यांत गेले, आणि गँबुशिया नुसत्या अळ्या खात नाही, स्थानिक माशांची अंडी-पिल्लंही खातो. जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आज त्याचं नाव आहे. टाकी नकोशी झाली की मासे नदीत 'सोडून सवाब मिळवणाऱ्या' माझ्या ओळखीच्या लोकांना मी हे आवर्जून सांगतो. सोडायचं असेल तर दुकानात परत द्या.

उलट प्रकारही घडतो. केरळातल्या सह्याद्रीच्या गार, वाहत्या ओढ्यांत डेनिसन बार्ब नावाचा लाल रेघेचा देखणा मासा आहे. २०१३ साली त्याची प्रजाती वेगळी करून तिला 'सह्याद्रिया' नाव देणाऱ्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. परदेशी टाक्यांसाठी तो इतका पकडला गेला की आज संकटग्रस्त आहे. थंडी त्याला चालते, हीटर लागत नाही, पण दीड फुटाच्या टाकीत तो ठेवू नये. तो मोठा होतो आणि त्याला पोहायला लांबी लागते. दुकानदाराने मला तोही दाखवला होता.

शेवटी काय आणलं ते सांगतो. टाकी रिकामीच महिनाभर चालवली, व्हॅलिस्नेरिया लावून, कारण धाकट्या वॉरिंग्टनच्या जीवाणूंना वस्ती करायला वेळ लागतो. रोज चिमूटभर खाणं नुसत्या पाण्यात टाकत होतो, घरच्यांनी वेड्यात काढलं. मग सहा झेब्रा डॅनिओ आणले, गोगलगायी वनस्पतीबरोबर आपोआप आल्या. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो, नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून. यंदाच्या जानेवारीत एका पहाटे फजरला उठलो तेव्हा टाकीतल्या तापमापकावर सतरा अंश होते. सहाही मासे तळाशी शांत उभे होते. ऊन आल्यावर हलले. मुलीने शाळेत जाण्याआधी मोजले, सहाच होते.