समुद्रकांठचें घर आणि माणिकबाग

होळकर हें नांव सोलापूरकरांना परकें नाहीं. येथील विद्यापीठाला २०१९ सालीं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव देण्यांत आलें. त्याच घराण्यांतील इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव यांचा, भूमध्य समुद्राच्या कांठच्या एका लहानशा घराशीं एका खुर्चीमुळें संबंध जडला, ही हकीकत मात्र फारशी प्रसिद्ध नाहीं.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मोनाकोच्या शेजारीं, रोकब्रून नांवाचें गांव आहे. आयर्लंडांत जन्मलेल्या आयलीन ग्रे या कलावंत बाईंनीं झां बादोविची या वास्तुशास्त्रज्ञ मित्राकरितां १९२६ ते १९२९ या काळांत तेथील खडकाळ उतारावर घर बांधलें. त्याचें नांव ‘ई-१०२७’. रोमन वर्णमालेंतील दहावें, दुसरें व सातवें अक्षर घेतलें कीं त्याची उकल होते. उभयतांच्या नांवांचीं आद्याक्षरें त्यांत गुंफलेलीं आहेत. सपाट गच्ची, खांबांवर उचललेला मजला, लांबच लांब खिडक्या, पांढऱ्या भिंती. जणूं किनाऱ्यास लागलेली आगबोटच! परंतु ग्रेबाईंचा कटाक्ष देखाव्यापेक्षां राहणाऱ्याच्या सुखाकडे होता. पाहुण्यासाठीं स्वतंत्र खोली, बिछान्यांत बसून न्याहारी करतां यावी म्हणून उंची कमीजास्त होणारें मेज, आणि आगबोटीवरील आरामखुर्चीवरून सुचलेली ‘ट्रान्सॅट’ खुर्ची, हीं त्याचींच उदाहरणें होत. १९२९ मध्यें या घराचीं छायाचित्रें एका फ्रेंच नियतकालिकाच्या खास अंकांत छापून आलीं.

पुढें १९३० ते १९३३ च्या दरम्यान यशवंतरावांनीं एकार्ट मुटेसियुस या तरुण जर्मन वास्तुशास्त्रज्ञाकडून इंदुरास माणिकबाग राजवाडा उभारविला. राजवाडा म्हटला कीं नक्षीच्या महिरपी आणि झुंबरें डोळ्यांपुढें येतात. येथें धातु, कांच आणि सरळ रेषा यांचें राज्य होतें. रूलमान यांचें लिहिण्याचें मेज, ल कॉर्बुझिए व त्यांच्या सहकाऱ्यांची आरामखुर्ची, आणि त्यांच्या पंक्तीस ग्रेबाईंची ट्रान्सॅट!

दैव दोन्ही वास्तूंवर रुसलें. ग्रेबाईंच्या परवानगीवांचून ल कॉर्बुझिए यांनीं १९३८-३९ मध्यें समुद्रकांठच्या घराच्या भिंती चित्रांनीं भरून टाकल्या; महायुद्धांत सैनिकांनीं त्यांवर गोळ्या झाडल्या; शेवटीं घर उजाड झालें. इकडे १९३७ सालीं महाराणी संयोगिताबाई निवर्तल्या, १९४८ मध्यें संस्थान मध्यभारतांत विलीन झालें आणि १९६१ मध्यें यशवंतरावही गेले. माणिकबागेंत पुढें सरकारी कर खात्याची कचेरी आली. १९८० सालीं तेथील मौल्यवान सामानाचा लिलाव झाला, आणि तो मोनाकोला! समुद्रकांठच्या घराहून इंदुरास आलेली कल्पना त्या घराच्या उंबरठ्याशीं जाऊन विकली गेली.

तथापि शेवट सारखा झाला नाहीं. १९९९ मध्यें किनाऱ्याचें रक्षण करणाऱ्या फ्रेंच सरकारी संस्थेनें तें घर ताब्यांत घेतलें. जुनीं छायाचित्रें पुढें ठेवून त्याची दुरुस्ती झाली, सामान पुन्हां घडविण्यांत आलें, २०१५ पासून पाहुण्यांसाठीं दार उघडलें आणि २०२१ मध्यें काम पुरें झालें. माणिकबागेच्या भिंती उभ्या आहेत. तिचें अंतरंग मात्र २०१९ मध्यें पॅरिसच्या प्रदर्शनांत परक्यांनीं पाहिलें.

छायाचित्रें दोन्ही वास्तूंचीं होतीं. एकीला त्यांच्या आधारें पुन्हां घरपण मिळालें, दुसरीला केवळ आठवण. वारसा जपावयाचा तर चित्र पुरेसें नाहीं. चित्र पाहून दार उघडणारा कोणी हवा.