दोनदा ख्रिस्ती झालेल्या रमाबाई

तालुक्याच्या कुठल्याही गावातल्या बाजारपेठेत एक पाटी हमखास दिसते: 'सोने तारण कर्ज'. तारण म्हटलं की आपल्याला हेच आठवतं. सोनं ठेवायचं, पैसे उचलायचे, कर्ज फिटलं की सोनं सोडवून आणायचं. मराठी ख्रिस्ती घरात मात्र हा शब्द वेगळ्याच अर्थाने कानावर पडतो. तिथे तारण म्हणजे उद्धार, आणि येशू म्हणजे तारणारा. मराठी बायबलात याच शब्दाच्या आसपास आणखी दोन शब्द भेटतात, जे धर्मग्रंथात असतील असं वाटत नाही: 'खंडणी' आणि 'फुकट'. खंडणी म्हणजे गुंडाने फोनवर मागितलेली नव्हे, तर गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी कुणीतरी भरलेली रक्कम. ती येशूने आपल्या मरणाने भरली, आणि ज्याच्यासाठी भरली त्याला सुटका फुकट मिळाली, असा हा सगळा हिशेब आहे.

पहिल्या शतकात पौलाने रोम आणि इफिस इथल्या मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रांत हे सांगितलं. माणूस देवासमोर निर्दोष ठरतो तो स्वतःच्या पुण्याईवर नाही, देवाच्या कृपेने. माणसाने करायचं ते एवढंच, की विश्वास ठेवून ती कृपा घ्यायची. आपण नवस फेडणारी, उपास धरणारी, 'त्याचं पुण्य आड आलं' म्हणणारी माणसं. आपल्याला हे ऐकायला सोपं आणि पचायला फार अवघड आहे. पंडिता रमाबाईंना ते पचायला आठ वर्षं लागली. तेही बाप्तिस्मा घेतल्यानंतरची आठ वर्षं.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या हे शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात येतं. कधी कौतुकाने, बऱ्याचदा जरा अडखळत. पण त्या एकदा नाही, दोनदा ख्रिस्ती झाल्या, आणि दुसरी वेळ जास्त महत्त्वाची होती असं त्यांचं स्वतःचंच म्हणणं होतं.

सुरुवात करावी लागते ती त्यांच्या वडिलांपासून. अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्यांना छळलं, तेव्हा ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. १८५८ साली रमाबाईंचा जन्म तिथलाच. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घालता घालता घर कर्जात बुडालं. मग सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळाच्या आवारात पुराण सांगायचं, लोक ओंजळीत टाकतील त्यावर जगायचं, आणि त्यातलंही दान करायचं.

१८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत आपली साक्ष लिहिली, त्यात हा भाग आहे. मी आजवर वाचलेल्या मराठी माणसांच्या आत्मकथनांतला हा सगळ्यात कठीण भाग असावा. साठवलेले पैसे या कुटुंबाने ब्राह्मणांना दान देण्यात आणि देवांच्या पूजेत संपवले, कारण पुण्य वाढलं की देव पावेल आणि पैसा येईल असं शास्त्रात होतं. पैसे संपल्यावर दागिने गेले, भांडीकुंडी गेली. जप, प्रदक्षिणा, उपास चालूच. शेवटचा तांदळाचा दाणा संपल्यानंतर अकरा दिवस पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर. वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलाने 'मी मजुरी करीन' म्हणून त्यांना थांबवलं. पण उशीर झाला होता. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईला खांदा द्यायला माणसं पुरेनात, तेव्हा चौथा खांदा रमाबाईंनी दिला.

जाण्यापूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितलं होतं, की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. कोणता देव हे त्यांना सांगायची गरज वाटली नसणार.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास त्यानंतर पायी चार हजार मैलांहून जास्त फिरले. १८७८ साली कलकत्त्याला पोचले तेव्हा तिथल्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्याच सुमाराला, बायकांना त्यांची कर्तव्यं सांगायची म्हणून त्या धर्मशास्त्रं वाचू लागल्या. पुष्कळ बाबतींत या ग्रंथांचं आपसात पटत नाही, पण दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत आहे असं त्यांना दिसलं: स्त्रीजात वाईट आहे, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही. म्हणजे ज्या खात्यात आई-वडिलांनी जन्मभर पुण्य भरलं, त्या खात्यावर आईचं नावच नव्हतं.

इथे वाचणाऱ्याच्या मनात एक शंका येईल, ती रास्त आहे. आपल्याकडे कृपा नव्हती का? वारकरी संतांच्या अभंगांत ती ठायी ठायी आहे. दक्षिणेतल्या वैष्णवांत तर यावरून दोन पंथच झाले. एक म्हणतो, माकडाचं पिल्लू जसं आईला घट्ट धरून राहतं तसं माणसाने देवाला धरावं. दुसरा म्हणतो, मांजर पिल्लाला तोंडात उचलून नेते, पिल्लाला काहीच करावं लागत नाही. पौल मांजराच्या बाजूचा होता असं म्हणायला हरकत नाही. पण रमाबाईंच्या वाट्याला जो धर्म आला तो दान, व्रत आणि प्रदक्षिणा मोजणारा होता, आणि त्या मोजणीत त्यांचं घर मेलं. त्यांनी भक्तिपरंपरेला पुरेसा न्याय दिला नाही असं मला वाटतं. तो त्यांनी द्यायला हवा होता, असं म्हणायचा धीर मात्र मला होत नाही.

पुढचं भराभर घडलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी जात मोडून लग्न केलं. १८८२ मध्ये नवराही कॉलऱ्याने गेला. मांडीवर मनोरमा. रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ मध्ये वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं म्हणून इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन जोगिणींनी त्यांना ठेवून घेतलं. त्या जोगिणींचं लंडनजवळ फुलम इथे एक घर होतं, जिथे समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांना प्रेमाने सांभाळत. अशा बाईशी कुणी चांगलं वागू शकतं हे रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. कारण विचारलं तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जमातीची बाई, आणि येशू तिच्याशी बोलत बसतो. हे डोक्यालाही पटावं म्हणून नीळकंठशास्त्री गोरे या ख्रिस्ती झालेल्या पंडिताच्या पत्रांनी मदत केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरी भांडणं इथूनच सुरू झाली. सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापला आहे. मिळाला तर जरूर वाचा, त्यात रमाबाई कमालीच्या करारी दिसतात. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का चालू नये, असं त्या विचारत. मोठ्या कष्टाने भटा-पुरोहितांचं जोखड उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी सरळ कळवून टाकलं. सिस्टर जेराल्डीनला हा अहंकार वाटला. आपल्याला वाचताना मजा येते. पण याच रमाबाई त्या काळाकडे मागे वळून पाहताना म्हणतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एक नियमावली जाऊन दुसरी आली होती. बाप्तिस्मा, प्रार्थनेचं पुस्तक, ठरलेली उपासना हे सगळं त्या नेमाने करत होत्या, आणि आतून तशाच तहानलेल्या होत्या.

सुमारे आठ वर्षांनी, शारदा सदन सुरू झाल्यानंतर, विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं पुस्तक त्यांच्या हाती आलं. या हॅस्लमची गोष्ट गमतीची आहे. हा कॉर्नवॉलमधल्या एका गावाचा रीतसर पाद्री. १८५१ साली एका रविवारी व्यासपीठावर उभा राहून प्रवचन करता करता त्याच्या ध्यानात आलं, की आपण लोकांना जे सांगतो आहोत त्यावर आपलाच विश्वास नाही. आणि तिथेच, बोलता बोलता, तो बसला. समोरच्या लोकांतल्या एकाने उभं राहून ओरडून जाहीर केलं, की पाद्रीसाहेबांचं परिवर्तन झालं! रमाबाईंनी हे वाचलं आणि त्यांना स्वतःचं निदान सापडलं. लायकी वाढवून देवापर्यंत जायचं नाही, आहे तशा हाताने घ्यायचं आहे. खरंच फुकट. आणि घेणारी बाई आहे, विधवा आहे, कोणत्या जातीची आहे, हे विचारलं जाणार नाही.

ही वाट त्यांच्या आधीही कुणी कुणी चालून गेलं होतं. मार्टिन लूथर हा जर्मन जोगी उपास आणि पापकबुलीने स्वतःला झिजवत होता. तास तास कबुली द्यायचा, बाहेर पडल्यावर राहिलेलं पाप आठवायचं. त्याच वेळी योहान टेट्झेल पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकत फिरत होता, आणि त्या पैशांतून रोममधलं सेंट पीटर्स बांधलं जात होतं. १५१७ मध्ये लूथरने त्याविरुद्ध ९५ मुद्दे लिहिले, आणि पुढे पौलाच्या याच वाक्यांवर उभं राहून पोपशी वैर घेतलं. नवीन करारातल्या याकोबाच्या पत्रात 'कृतीवाचून विश्वास मेलेला' अशा अर्थाचं आहे, म्हणून लूथरने त्या पत्राला गवताचं म्हणून हिणवलंसुद्धा. कॅथलिक आणि लूथरपंथी यांनी या प्रश्नावर एकत्र सही केली ती थेट १९९९ मध्ये, ऑग्सबुर्गला. जर्मन जोग्याच्या आणि डोंगऱ्यांच्या घरातल्या मुलीच्या हिशेबाची वही मात्र मला एकच वाटते.

सगळं फुकट आहे, करण्यासारखं काही उरलं नाही, हे कळलेल्या माणसाने निवांत बसावं. रमाबाई उलट वागल्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. भुकेने सुकलेली पोरं पाहताना त्यांना आपले जुने दिवस आठवले, असं त्यांनीच लिहिलं आहे. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं होतं, ती मुदत संपली होती. ठरलेलं उत्पन्न काही नाही, विश्वासावर चालवायचं. रोज दोन हजार ताटं.

हे पुण्यासाठी नव्हतं. पुण्याचं खातं त्यांनी बंद केलं होतं. फेडायचं काही नसताना केलेलं काम होतं.

मात्र दुसरी बाजू टाळता येत नाही. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं, की शारदा सदनात मुलींना बाटवतात. 'केसरी'ने टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं उत्तर साधं होतं: मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, कुणावर जबरदस्ती नाही. ते खोटं नव्हतं. पण पुढे केडगावला आलेल्या मुलींना घरी नेणारं कुणी उरलंच नव्हतं. ज्या बाईने मरणाच्या दारातून उचलून आणलं, जेवू घातलं, अक्षर शिकवलं, तिचा देव नाकारणं दहा वर्षांच्या मुलीला किती शक्य होतं? कृपा फुकट असते म्हणताना ती घेणाऱ्याला नको म्हणता यायला हवं. रमाबाई स्वतः चेल्टनहॅममध्ये नको म्हणू शकल्या, कारण तोवर त्या पंडिता होत्या. त्यांच्या सगळ्या मुलींना तेवढी जागा मिळाली असेल असं मला वाटत नाही. आणि त्या मुली वाचल्या, शिकल्या, हेही तितकंच खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

शेवटची बरीच वर्षं रमाबाईंनी बायबलाच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी ग्रीक आणि हिब्रू शिकल्या. आधीच्या भाषांतरांतले संस्कृत शब्द त्यांना खटकत. एक तर ते खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, आणि कळले तरी त्यांच्यासोबत वेदान्ताचा अर्थ घरात शिरतो. संस्कृत तोंडपाठ असलेल्या बाईने संस्कृत शब्द वेचून बाहेर काढायचे, हे काम सोपं नसणार. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीतल्याच बायका होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. शेवटचं प्रूफ वाचून झालं आणि काही तासांतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या गेल्या, असं त्यांच्या चरित्रांत लिहिलेलं आहे. संपूर्ण बायबल बांधून बाहेर पडलं १९२४ मध्ये.