स्पॅमची तक्रार (ईमेल) : महाड–पोलादपूर परिसराच्या संदर्भात

स्पॅमची तक्रार म्हणजे ईमेल वापरणाऱ्याने आलेले पत्र ‘स्पॅम’ ठरवून आपल्या मेलसेवेकडे केलेली नोंद. बटण दाबले की पत्र इनबॉक्समधून नाहीसे होते, एवढेच बहुतेकांना दिसते. प्रत्यक्षात ती नोंद पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या आणि सर्व्हरच्या आयपी पत्त्याच्या नावावर चढते. अशा नोंदी साचल्या की तिथून इतरांना जाणारी पत्रेही स्पॅम फोल्डरमध्ये पडू लागतात किंवा परत येतात. न मागितलेल्या जाहिराती आणि फसवणुकीची पत्रे यांच्याविरुद्ध हा उपाय गुणकारी आहे. पण स्वतःच मागितलेले आणि आता नकोसे झालेले पत्र थांबवायलाही तोच वापरला जातो, आणि मग मार भलत्यालाच बसतो.

पूर्वपीठिका : ३ मे १९७८ रोजी डीईसी या संगणक कंपनीचे गॅरी थर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कवरील सुमारे चारशे जणांना विक्रीची जाहिरात पाठवली. हे पहिले स्पॅम मानले जाते. त्या काळी तक्रार करायची ती नेटवर्क चालवणाऱ्या माणसाकडेच. १९९७ मध्ये प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ आणि ‘अब्यूज’ हे पत्ते कशासाठी राखून ठेवायचे, याचा संकेत लिखित झाला. पुढे मेलसेवांनी तक्रारीचे बटणच पडद्यावर आणले. २०१० मध्ये तक्रारीचा अहवाल कोणत्या साच्यात पाठवायचा तेही ठरले : माणसाला वाचता येईल असा मजकूर, यंत्राला वाचता येईल असा तपशील आणि मूळ पत्र, असे त्याचे तीन भाग असतात.

तक्रार पोहोचते कशी : याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे आधी नोंदणी केलेल्या प्रेषकाला असे अहवाल मिळू शकतात. जीमेल मात्र कोणत्या ग्राहकाने तक्रार केली ते सांगत नाही. ‘पोस्टमास्टर टूल्स’ या सेवेत दिवसागणिक तक्रारींचे प्रमाण तेवढे दाखवते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाता कामा नये; ते ०.१ टक्क्याच्या आत ठेवावे, असे गूगल सांगते. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या ओळख पटवणाऱ्या तिन्ही व्यवस्था लागतात, आणि जाहिरातीच्या पत्रात एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोय द्यावी लागते.

हजारात तीन हे प्रमाण मोठ्या कंपनीला सैल वाटेल. लहान संस्थेसाठी ते फारच कडक आहे. पोलादपूर तालुक्यातली कितीतरी माणसे नोकरीसाठी मुंबई-ठाण्यात आहेत. गावाकडच्या पतसंस्थेत त्यांची सभासदत्वे मात्र कायम असतात. अशा एखाद्या पतसंस्थेने सप्टेंबरअखेरच्या आत घ्यायच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस स्वतःच्या डोमेनवरून ३०० सभासदांना पाठवली आणि एकाच सभासदाने ती स्पॅम म्हणून नोंदवली, तर प्रमाण झाले ०.३३ टक्के. एवढ्या थोड्या पत्रांची आकडेवारी पोस्टमास्टर टूल्समध्ये बहुधा दिसतही नाही. म्हणजे ज्याला धक्का सर्वांत लवकर बसतो, त्यालाच तो कुठून बसला ते कळत नाही. या व्यवस्थेतला हा खरा अन्याय आहे.

औद्योगिक वसाहत आणि फॉरवर्ड केलेली पत्रे : महाडच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने बरेच आहेत. त्यांच्यावर अवलंबून असलेले वाहतूकदार, फॅब्रिकेशनवाले, लेबर कॉन्ट्रॅक्टर असे लहान व्यावसायिकही आहेत. अशा व्यवसायाची ईमेलची मांडणी साधारण ठरलेली असते. शेअर्ड होस्टिंग घ्यायचे, फर्मच्या नावाने ‘इन्फो’ किंवा ‘सेल्स’ असा पत्ता काढायचा आणि त्यावर येणारे सगळे मालकाच्या जीमेलवर फॉरवर्ड करून टाकायचे. खरी गोम इथेच आहे. ‘इन्फो’चा पत्ता वेबसाइटवर उघडा असतो, त्यामुळे त्यावर कचरा भरपूर येतो. तो फर्मच्याच सर्व्हरवरून मालकाच्या जीमेलमध्ये जातो. मालक फोनवर एकेक पत्र स्पॅम म्हणून नोंदवत राहतो. जीमेलच्या दारात ते पत्र आणून दिलेले असते त्याच्याच होस्टिंग सर्व्हरने, त्यामुळे डाग लागतो तोही त्याच सर्व्हरला. काही दिवसांनी तिथूनच पाठवलेले कोटेशन गिऱ्हाइकाच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडते. परचेसवाला सांगतो, “तुमचं कोटेशन आलंच नाही.” इकडून उत्तर जाते, “अहो, सोमवारीच टाकलंय.” दोघेही खरेच बोलत असतात. शेअर्ड होस्टिंगवर त्याच आयपी पत्त्यावर इतर अनेकांची डोमेन असतात. त्यांनाही त्याची झळ लागते.

फॉरवर्ड केलेल्या पत्राची मूळ ओळख पुढे टिकावी म्हणून एआरसी ही पद्धत २०१९ मध्ये मांडली गेली. तिचा उपयोग होतो, पण पुरता नाही. लहान फर्मने फॉरवर्ड बंद करून ‘इन्फो’ची मेलपेटी फोनवर थेट उघडावी, हा सर्वांत भरवशाचा मार्ग. ते जमत नसेल तर फॉरवर्ड होण्याआधी सर्व्हरवरच स्पॅमची गाळणी लावावी.

पत्ता एकाचा, पत्र दुसऱ्याचे : दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, प्रवेश यांचे ऑनलाइन फॉर्म गावाकडे बहुधा महा ई-सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात भरले जातात. ईमेलची चौकट रिकामी सोडता येत नाही आणि समोरच्या माणसाकडे ईमेल नसतो. मग केंद्रचालक अनेकदा स्वतःचा पत्ता टाकतो, किंवा नावापुढे दोन आकडे जोडून एखादा पत्ता तयार करतो. तो जगात कुणाचा तरी असू शकतो. त्या अनोळखी माणसाला मग दुसऱ्याच्या अर्जाची पत्रे येऊ लागतात आणि तो ती स्पॅम ठरवतो. त्याच्या बाजूने ती तक्रार रास्तच आहे. दोष पत्ता न तपासता स्वीकारणाऱ्या यंत्रणेचा. ईमेलवर ओटीपी पाठवून पत्ता खरा असल्याची खात्री केल्याशिवाय पुढचे पत्र पाठवायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी अशा तक्रारी मुळातच थांबतात.

बिले आणि कागदपत्रे : महावितरणच्या ‘गो-ग्रीन’ योजनेत छापील बिलाऐवजी ईमेलने बिल घेणाऱ्याला बिलात सवलत मिळते; नोंदणीसाठी छापील बिलावरचा १५ अंकी जीजीएन क्रमांक लागतो. गावचे घर बंद आणि घरमालक डोंबिवलीत, अशा कुटुंबाला ही सोय फार कामाची. पण घर भावाच्या वाटणीला गेले तरी ईमेल जुनाच राहतो, आणि ज्याला बिल नको असते तो नोंदणी बदलण्याऐवजी स्पॅमचे बटण दाबतो. त्याने बिल थांबत नाही, ते नजरेआड होते. थकबाकी कळते ती लाइनमन वीज तोडायला आल्यावर.

या भागात ईमेलची प्रत मोलाची ठरण्याला आणखी एक कारण आहे. २२ जुलै २०२१ च्या सावित्रीच्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्यात गेली आणि दुकानांतली कागदपत्रे लगद्यासारखी झाली. अशा वेळी विम्याची पॉलिसी, जीएसटीची कागदपत्रे, बँकेचे स्टेटमेंट यांची मेलपेटीतली प्रतच हाताशी उरते. पण ती प्रत स्पॅममध्ये पडलेली असेल, तर जीमेल ती ३० दिवसांनी पुसून टाकते.

कायदा : माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमात त्रास देण्यासाठी किंवा दिशाभूल करण्यासाठी पाठवलेल्या ईमेलचाही उल्लेख होता. पालघरमधील दोन तरुणींच्या २०१२ मधील अटकेनंतर गाजलेले हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. ते रद्द होणे योग्यच होते. मात्र ईमेलच्या स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा त्यानंतरही झालेला नाही. एसएमएस आणि कॉलचे तसे नाही. त्यांच्यासाठी दूरसंचार नियामक ट्रायची २०१८ ची नियमावली आणि १९०९ हा क्रमांक आहे. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनुसार नोंदणी नसलेल्या प्रेषकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. म्हणजे किती तक्रारींवर काय होणार हे तिथे जाहीर नियमात लिहिलेले आहे. ईमेलचा निवाडा मात्र खासगी कंपन्यांच्या यंत्रणेत होतो आणि बाधित प्रेषकाला सुनावणी मिळत नाही.

ॲडमिनचे काम : तक्रारीचा अहवाल आला की तो पत्ता यादीतून लगेच काढणे हे पहिले काम. दुसरे अधिक महत्त्वाचे. एकाएकी तक्रारी वाढल्या तर कुणाच्या तरी खात्याचा पासवर्ड चोरीला गेला असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी तक्रार करणारा ॲडमिनवर उपकारच करत असतो. म्हणून अहवाल न वाचता पुसणारा ॲडमिन आपलेच नुकसान करून घेतो. बिले आणि नोटिसा एका उपडोमेनवरून, जाहिराती दुसऱ्यावरून पाठवल्या तर सणाच्या ऑफरवरच्या रागाचा फटका बिलांना कमी बसतो. नाव कमी करण्याची ओळ बारीक अक्षरात तळाशी दडवणे हे मात्र तक्रारींना दिलेले निमंत्रणच आहे. ती ठळक असावी आणि लॉगिन न मागता चालावी.

एकदा प्रमाण ०.३ टक्क्यांवर गेले की मोठ्या प्रेषकाला गूगलकडे दिलासा मागण्यासाठी ते सलग सात दिवस त्याखाली ठेवावे लागते. त्या काळात पाठवणे पूर्ण बंद करण्यापेक्षा, जे नियमित उत्तर देतात त्यांनाच थोडी थोडी पत्रे पाठवत राहावे, आणि पतसंस्थेसारख्या लहान प्रेषकाने सभासदांना फोन करून स्पॅममध्ये पडलेली नोटीस ‘स्पॅम नाही’ असे नोंदवायला सांगावे. हा उलटा कौलही मेलसेवा मोजतात.